पाच जनावरं, एक पेटी: नामिबियातल्या शिकारीनंतर टॅक्सिडर्मीची निवड

अमेरिकेत राहणारा एक शिकारी जून महिन्यात दहा दिवसांसाठी नामिबियाच्या खोमास पठारावर जातो. यादीत पाच जनावरं आहेत: कुडूचा नर, गेम्सबॉकची मादी, स्प्रिंगबॉक (तिन्ही काळविटासारखी शिंगवाली जनावरं), वार्टहॉग (आफ्रिकी रानडुक्कर) आणि हार्टमनचा पहाडी झेब्रा. (हा कुणी एक माणूस नव्हे. अशा सहलींत वारंवार दिसणारी परिस्थिती इथे एका प्रकरणात मांडली आहे.) निघण्यापूर्वी त्याचा बेत पक्का असतो: पाचही जनावरांची खांद्यापर्यंतची माउंट (साच्यावर कातडं चढवून भिंतीवर लावायची मुंडकी) करायची आणि सगळी नामिबियातच करून घ्यायची. कारण एकच. तिथल्या टॅक्सिडर्मिस्टचा, म्हणजे हे काम करणाऱ्या कारागिराचा, दर घरच्या टॅक्सिडर्मिस्टपेक्षा बराच कमी आहे.

प्रत्यक्षात कुडू आणि स्प्रिंगबॉक अमेरिकेत माउंट झाले, गेम्सबॉक आणि वार्टहॉगच्या नुसत्या कवट्या भिंतीवर लागल्या आणि झेब्र्याचं सपाट कातडं झालं. बेत बदलला तो शिकारीच्या आधी, शिकारी कंपनीला विचारलेल्या चार-पाच प्रश्नांमुळे. ते वेळेवर विचारले गेले नसते, तर निदान दोन जनावरं वाया गेली असती. मांस शेतावर खाल्लं जातंच, पण कातडं मिठाअभावी कुजून फेकावं लागणं हा त्या जनावराचा अपमान आहे, आणि तो टाळता येतो.

मराठीत आपण ‘पेंढा भरणं’ म्हणतो, पण पेंढ्याचा जमाना कधीच संपला. कार्ल एकलीसारख्या कारागिरांनी (१८६४–१९२६) स्नायूंसकट शरीर आधी शिल्पासारखं घडवायचं आणि त्यावर कातडं चढवायचं, ही रीत रुजवली. आज तो साचा पॉलियुरेथेन फोमचा असतो आणि तयार मापांत मिळतो. डोळे काचेचे, कानाच्या आत प्लास्टिकचा किंवा भरावाचा पत्रा, नाकपुड्या आणि ओठांचा ओलावा रंगाने आणि इपॉक्सीने आणलेला. खरी असतात ती फक्त शिंगं आणि कातडं. त्यामुळे कारागीर कितीही चांगला असला तरी शेतावरच्या पहिल्या चोवीस तासांत कातड्याचं जे झालं असेल, त्यापलीकडे तो जाऊ शकत नाही.

भिंत आधी, जनावर नंतर

या शिकाऱ्याच्या खोलीची उंची आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर. मान ताठ ठेवलेलं कुडूचं माउंट छातीच्या खालच्या कडेपासून शिंगांच्या टोकापर्यंत दीड मीटरच्या आसपास जातं. छताखाली थोडी जागा सोडली तर माउंटची खालची कड जमिनीपासून ८५–९० सेंटीमीटरवर येते आणि नाक भिंतीपासून ऐंशी-नव्वद सेंटीमीटर पुढे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या छातीला कुडूचं तोंड लागणार. गेम्सबॉकची शिंगं सरळ वर जाणारी, मीटरभर लांब, तेव्हा तिचंही तेच.

कुडूसाठी यावर उपाय आहे. त्याला मान पुढे आणि खाली झुकवलेल्या पवित्र्यात बसवायचं. दाट झुडपातून कुडू असाच जातो, शिंगं मागे टाकून, त्यामुळे हा पवित्रा खोटाही वाटत नाही. उंची बरीच कमी होते, पण माउंट भिंतीपासून जास्त पुढे येतं, आणि शिंगांची टोकं मागे भिंतीला टेकतात का हे आधी मोजावं लागतं. शिंगांमधलं अंतर, टोकांमधलं अंतर आणि कपाळापासून टोकापर्यंतची सरळ रेषेतली लांबी ही तीन मापं टॅक्सिडर्मिस्टला कळवली की तो साच्याचा कोन ठरवू शकतो. वळणावरून मोजलेली लांबी नोंदवहीसाठी ठीक, पण भिंतीसाठी ती कामाची नाही.

एक साधी गोष्ट प्रत्येकाने करावी. प्रवासाला निघण्यापूर्वी पुठ्ठ्याचे आकार कापून भिंतीवर चिकटवावेत आणि आठवडाभर त्यांच्या बाजूने ये-जा करावी. या प्रकरणात पाच पुठ्ठ्यांपैकी तीन दुसऱ्याच दिवशी उतरले. गेम्सबॉकची कवटीच लावायची असं ठरलं ते तिथेच. पांढऱ्या हाडावर काळी सरळ शिंगं फार उठून दिसतात, आणि भिंतीपासून ती फूटभरच पुढे येतात. आमच्या मते गेम्सबॉकला हाच न्याय सर्वांत शोभतो.

चाकू कुठून फिरतो

परदेशातल्या शिकारीत सगळ्यात मोठा गैरसमज हा की काय करून घ्यायचं ते घरी जाऊन निवांत ठरवता येईल. तसं होत नाही. खांद्यापर्यंतचं माउंट, पूर्ण माउंट आणि सपाट कातडं या तिन्हींसाठी चीर वेगवेगळ्या जागी द्यावी लागते, आणि एकदा कापलेलं कातडं पूर्वीसारखं होत नाही. सोलणारे लोक बहुधा अनुभवी असतात, हात झपाझप चालतो. म्हणूनच जनावर शेडमध्ये पोहोचण्यापूर्वी प्रत्येकाचा निर्णय त्यांच्यापर्यंत गेलेला हवा. या शिकाऱ्याने एका कार्डावर पाच ओळी लिहून त्याची प्रत प्रोफेशनल हंटरला (शिकारीत सोबत असणाऱ्या वाटाड्याला) आणि शेडमधल्या मुकादमाला दिली होती.

कुडूसाठी सूचना अशी होती. गळा चिरायचा नाही. हनुवटीपासून गळ्यावर उतरणारी लांब केसांची झालर हे कुडूचं वैशिष्ट्य आहे आणि त्यात टाका पडला की तो लपत नाही. उभी चीर मानेच्या मागच्या बाजूने, आयाळीचे केस दोन्हीकडे विंचरून त्यांच्या मधून, आणि पात्याची धार वर ठेवून कातड्याच्या आतून. वरून कापलं तर कातड्याबरोबर केसही कापले जातात आणि शिवणीवर खुंट राहतात. शिंगांच्या मागे ही चीर इंग्रजी वाय अक्षरासारखी दोन्ही बुडख्यांकडे जाते. आडवी गोल चीर पुढच्या पायांच्या मागे, बरगड्यांच्या मध्यावर. सगळ्यात जास्त चूक इथे होते. कातडं आखूड कापलं जातं, छातीचा खालचा भाग कमी पडतो आणि मग टॅक्सिडर्मिस्टला लहान साचा घ्यावा लागतो किंवा दुसऱ्या कुडूचा तुकडा जोडावा लागतो. जास्तीचं कातडं नंतर कापता येतं, म्हणून शंका आली तर मागे सरकूनच कापावं.

डोक्याचं काम सावकाश करायचं. डोळ्याच्या पापणीत आतून बोट घालून कातडं ताणायचं आणि हाडाला लागून कापायचं, म्हणजे पापणी चिरली जात नाही. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यातली खोबण हाडाच्या खाचेत घट्ट बसलेली असते, ती टोकदार पात्याने उचलून घ्यावी लागते. ओठांच्या आतल्या बाजूची अडीच-तीन सेंटीमीटर त्वचा कातड्याबरोबरच ठेवायची, कारण माउंटमध्ये ती साच्याच्या खाचेत आत दडपली जाते आणि तोंडाची रेघ तिच्यामुळेच खरी दिसते.

कुडूचे कान पसरट आणि मोठे. कानाच्या मागच्या बाजूचं कातडं आतल्या कुर्च्यापासून थेट टोकापर्यंत सोडवून कान मोज्यासारखा उलटा करावा लागतो. तो अर्धाच उलटला तर टोकापर्यंत मीठ पोहोचत नाही, आणि चार महिन्यांनी कातडं भिजवल्यावर तिथले केस बोटाला चिकटून येतात. ओठ, नाकपुड्या आणि पापण्यांच्या कडाही आतून चिरून पुस्तकासारख्या उघडाव्यात. पूर्ण डोकं व्यवस्थित करायला हातखंडा माणसालाही तास-दीड तास लागतो. जो पंधरा मिनिटांत आटोपतो, त्याने हे काम पुढच्यावर ढकललेलं असतं.

स्प्रिंगबॉक लहान असलं तरी इथे सर्वांत जास्त विचार त्याचाच करावा लागला. पाठीच्या मध्यापासून शेपटीकडे त्याला कातड्याची एक घडी असते आणि तिच्या आत लांब पांढरे केस. उडी मारताना ती पंख्यासारखी उघडते. मारल्यावरही काही मिनिटं ती आपोआप फुलते, मग मिटते. आत ग्रंथी असते आणि तिला गोडसर वास येतो. खांद्यापर्यंतच्या माउंटला हा पंखा लागतच नाही, तो फार मागे राहतो. म्हणजे चीर नीट आखली तर एकाच जनावरातून पुढचं माउंटही होतं आणि मागच्या भागाचं उघड्या पंख्याचं सपाट कातडंही. अट एवढीच की मानेमागची उभी चीर खांद्यांच्या पातळीवर थांबली पाहिजे. सवयीने ती पाठीवरून पुढे गेली की पंखा मधोमध दुभंगतो. मागचा भाग पोटाकडून उघडायचा. मीठ लावताना घडी हाताने उकलून आतही मीठ घालायचं आणि त्याआधी आतला मेणचट स्राव पुसून काढायचा. तो राहिला की पांढरे केस पिवळे पडतात आणि कमावल्यावरही तो पिवळेपणा पुरता जात नाही.

झेब्र्याच्या बाबतीत दोन्ही गोष्टी साधत नाहीत. खांद्यापर्यंतचं माउंट केलं तर पुढचं जवळजवळ अर्धं कातडं त्यात जातं, आणि उरलेल्या भागाचा गालिचा अर्धवट दिसतो. हार्टमनच्या झेब्र्याची खरी शोभा मागे आहे: कुल्ल्यांवर रुंद पट्टे आणि शेपटीच्या वर जाळीसारखे आडवे बारीक पट्टे. तेव्हा सपाट कातडंच घ्यायचं असं ठरलं. चीर हनुवटीपासून पोटाच्या मधून शेपटीपर्यंत आणि चारही पायांच्या आतल्या बाजूने. या झेब्र्याला गळकंबळ असतं आणि चीर त्याच्या मधूनच जाते, त्याला इलाज नाही. पोट पांढरं असतं, पट्टे तिथे मिळत नाहीत, त्यामुळे कडेची पांढरी पट्टी शेवटी बरीचशी कापली जाते. ती वाचवण्यात शक्ती घालवू नये.

मीठ आणि सावली

केस सुटतात ते जिवाणूंमुळे. कातड्याच्या वरच्या थरात ते उष्णतेने वाढतात आणि केसांची मुळं सैल करतात. बाहेरून काही दिसत नाही. ते दिसतं कमावताना, कातडं भिजवल्यावर, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून जनावर पडल्यापासून मीठ लागेपर्यंतचे तास मोजून वापरावेत. खोमासमध्ये जून-जुलैच्या रात्री गोठण्याच्या जवळ जातात, ही मोठी मदत. पण दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या लोखंडी हौद्यात पडलेल्या जनावराला तिचा उपयोग नाही. खडकावरून दोरीने ओढून नेलं की खालच्या बाजूचे केस घासून तुटतात. जाड कॅनव्हासवर उचलून न्यावं. केसांवरचं रक्त वाळण्याआधी थंड पाण्याने धुवावं.

सोलल्यावर मांस आणि चरबी खरवडून काढली की बारीक मीठ आतल्या बाजूला हाताने चोळायचं. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: ओल्या कातड्याच्या वजनाइतकं मीठ. जाडं खडेमीठ वर नुसतं पडून राहतं, आत जात नाही. मीठ लावलेलं कातडं उतारावर पसरायचं, म्हणजे सुटणारं पाणी वाहून जातं. खड्ड्यात ठेवलं तर ते स्वतःच्याच पाण्यात कुजतं. चोवीस तासांनी ओलं मीठ झटकून टाकायचं, नवं चोळायचं, आणखी एक दिवस ठेवायचं. मग सावलीत, वाऱ्यावर दांडीवर टाकायचं. उन्हात कधीच नाही. उन्हात उरलेली चरबी वितळून तंतूंमध्ये जाते, कातडं जळाल्यासारखं होतं आणि त्या जागी कमावणीचं रसायन शिरत नाही. प्लास्टिकच्या पिशवीतही कधी ठेवू नये. कडक होण्याच्या आधी, अजून वाकतंय तोवर, पेटीच्या मापाची घडी घालावी. पुरतं वाळल्यावर मोडलं तर घडीवर भेग पडते.

झेब्र्याचं कातडं जाड, त्यात आयाळीखाली चरबीचा कठीण पट्टा. हा पट्टा पातळ केला नाही तर त्या जागी मीठ पृष्ठभागावरच अडतं. या प्रकरणात झालेली एकमेव खरी चूक तीच. पोट आणि पाय उत्तम खरवडले होते, मानेवरचा पट्टा घाईत राहून गेला. कमावल्यावर आयाळीच्या बुडाशी तळहाताएवढ्या जागेतले केस सुटले. सपाट कातडं असल्यामुळे तो भाग मानेच्या टोकाकडे कापून कड नव्याने आखता आली. हेच माउंट असतं तर आयाळ डोळ्यांसमोर आली असती आणि काहीच करता आलं नसतं.

प्रत्येक कातड्याला आणि प्रत्येक कवटीला धातूचा क्रमांकाचा बिल्ला तारेने बांधला जातो. तो हवाच, पण त्यावर विसंबून राहू नये. शिकाऱ्याने प्रत्येक जनावराच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले होते. कुडूच्या अंगावरचे पांढरे उभे पट्टे आणि झेब्र्याचे पट्टे प्रत्येक जनावरात वेगळे असतात, डाव्या-उजव्या बाजूलाही वेगळे. कातडी अदलाबदल झाल्याचा संशय आला तर बिल्ल्यापेक्षा हा पुरावा भक्कम. जनावर सोलण्याआधी नाकाच्या टोकापासून डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, आणि सोलल्यावर धडावरच कानांच्या लगेच मागे आणि त्याखाली मानेचा घेर, ही मापंही लिहून ठेवली गेली. साचा यावरूनच मागवायचा असतो. साचा मोठा आला तर शिवण ताणली जाऊन वाळताना फाकते. लहान आला तर कातड्याला सुरकुत्या पडतात.

कुठे करायचं: दर नव्हे, घनफळ

आता मूळ प्रश्न. नामिबियात माउंट स्वस्त, हे खरं. पण विमानाने माल पाठवताना वजनाचे पैसे लागत नाहीत, वजन आणि घनफळ यांतलं जे जास्त भरेल त्याचे लागतात. हिशोब असा: लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. येतात ते आकारणीचे किलो.

पाचही माउंट तिथेच केली असती तर पेट्या साधारण अशा लागल्या असत्या. कुडू, शिंगं सुटी करूनही, १२० × ८० × १३०, म्हणजे २०८ किलो. गेम्सबॉक ११० × ७० × ११०, म्हणजे १४१. झेब्रा ११० × ७० × १००, म्हणजे १२८. वार्टहॉग ७० × ६० × ७०, म्हणजे ४९. स्प्रिंगबॉक ६० × ५० × ८०, म्हणजे ४०. बेरीज ५६६ किलो, आणि त्यातलं बहुतांश फोमभोवतालची हवा. वाळवलेली कातडी, कवट्या आणि शिंगं अशी सगळी मिळून १२० × ८० × ६० च्या एका पेटीत बसली: ९६ किलो. म्हणजे जवळपास सहापट फरक. माउंटच्या दरातली बचत यात सहज बुडते. नामिबियाच्या वॉल्विस बे बंदरातून बोटीने पाठवलं तर घनफळाचा भार कमी पडतो, पण वेळ वाढतो आणि दमट कंटेनरमधल्या आठवड्यांत कातड्यांच्या शिवणींवर ताण येतो.

फोमच्या माउंटची आणखी एक अडचण प्रवासात दिसते. मोडतात ते कान, आणि निघतात ते नाकपुड्यांवरचे रंगाचे पापुद्रे. दुरुस्ती शेवटी घरच्याच टॅक्सिडर्मिस्टकडे करावी लागते, आणि दुसऱ्याच्या कामावर हात टाकायला कुणी खुशीने तयार होत नाही.

म्हणून माल कच्चा न्यायचा ठरला. या मार्गात कातडी आणि कवट्या स्थानिक टॅक्सिडर्मी केंद्रात जातात, तिथे साफ होतात, जंतुनाशक आणि कीटकनाशकात बुडवून परत वाळवल्या जातात आणि पेटीत बांधल्या जातात. हे बुडवणं केवळ कागदोपत्री सोपस्कार नाही. आफ्रिकेत शिंगं खाणारा पतंग आहे. त्याच्या अळ्या शिंगाच्या आवरणात शिरून पोखरतात. कुडूचं शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावरची म्यान. कवटी मंद आचेवर शिजवली की काही वेळाने ही म्यान सैल होते आणि पिळून काढता येते. गाभा स्वच्छ केला नाही तर आत किडे आणि दुर्गंध दोन्ही राहतात. काढताना डावं-उजवं खुणेने लिहावं. कवटी अखंड ठेवायला सांगितली होती, कपाळाची चकती कापू दिली नाही. कातडं बिघडलं असतं तर निदान कवटी लावता आली असती.

गेम्सबॉक आणि वार्टहॉगच्या कवट्या तिथेच पूर्ण करून घेतल्या, कारण तयार कवटी कच्च्या कवटीपेक्षा जास्त जागा खात नाही. पाण्याला खळखळून उकळी आणू द्यायची नाही. नाकाची नाजूक हाडं सुटी होतात. पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावा, कपडे धुण्याचं क्लोरिनचं ब्लीच नाही. ते हाडच पोखरतं, आणि दोन वर्षांत कवटी खडूसारखी झडू लागते. पेरॉक्साइड शिंगांना लागू द्यायचा नाही, त्यांचा रंग उडतो. वार्टहॉगची कवटी तेलकट असते. साबणाच्या कोमट पाण्यात दीर्घकाळ ठेवून, पाणी बदलत चरबी काढली नाही तर पांढरी केलेली कवटी पुढे पिवळी पडते. सुळे सोडवून, आतला मऊ गर काढून, हळूहळू वाळवून, पोकळीत इपॉक्सी भरून परत बसवावे. गरम कवटी थंड पाण्यात टाकली की सुळ्यांना उभी चीर जाते.

कागद

पाचांपैकी फक्त झेब्र्याला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. हार्टमनचा पहाडी झेब्रा साइटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. मैदानी झेब्रा त्यात नाही. म्हणून कागदावर नुसतं ‘झेब्रा’ लिहून चालत नाही, शास्त्रीय नाव हवं. निर्यात परवान्यावर हेतूचा संकेत एच, म्हणजे शिकारीची ट्रॉफी, आणि उगमाचा संकेत डब्ल्यू, म्हणजे जंगली जनावर. या परवान्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने. उत्साहाच्या भरात शिकार संपताच परवाना काढला आणि पेटी आठ महिन्यांनी तयार झाली, तर परवाना मेलेला असतो आणि माल बंदरावर अडकतो. माल बांधायला आला की मगच परवाना काढायचा, आणि त्यातली संख्या पेटीतल्या वस्तूंशी तंतोतंत जुळवायची: एक कातडं म्हणजे एकच कातडं.

अमेरिकेच्या नियमांत एक बारकावा आहे आणि तो अनेकांना महागात पडतो. कातडं, कवटी, गालिचा, माउंट या सगळ्या ट्रॉफी ठरतात. पण त्याच झेब्र्याच्या कातड्याची नामिबियात उशी, पिशवी किंवा स्टूल करून घेतलं तर ती वस्तू २०१४ पर्यंत ट्रॉफी धरली जात नसे; त्यानंतर ती धरली जाते, पण त्याच जनावराच्या कच्च्या किंवा कमावलेल्या भागांबरोबर त्याच पेटीत, शिकाऱ्याच्या स्वतःच्या वापरासाठी, वाजवी संख्येत आणि परवान्यावर नोंदलेली असेल तरच. शिकाऱ्याच्या पत्नीला कडेच्या तुकड्यांच्या उशा हव्या होत्या. ते काम कातडं घरी पोहोचल्यावर तिकडेच केलं गेलं.

जनावरांच्या रोगांचे नियम वेगळे. वार्टहॉग आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा वाहक असतो, म्हणून त्याचा कच्चा माल अमेरिकी कृषी खात्याने मान्यता दिलेल्या केंद्राकडेच पाठवावा लागतो. पूर्ण तयार माउंटला ही अट नाही. टॅक्सिडर्मिस्ट निवडतानाच त्याच्याकडे ही मान्यता आहे का, हे विचारून घेतल्याने कच्च्या पेटीचा प्रश्न सुटला. नामिबियाच्या पशुवैद्यकीय कुंपणाच्या (गुरांचे रोग दक्षिणेत पसरू नयेत म्हणून घातलेल्या) उत्तरेकडची जनावरं असती तर निर्बंध आणखी कडक असते. खोमास त्याच्या दक्षिणेला आहे. आयात करताना वन्यजीव खात्याचा ३-१७७ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि माल नेमून दिलेल्या बंदरांतूनच आत येतो. हे सगळं कस्टम ब्रोकरकडे सोपवलं होतं, आणि ते योग्यच. पेटीच्या लाकडाचंही पाहून घ्यावं. आयएसपीएम १५ या लाकडी बांधणीच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं (किंवा दुसऱ्या मान्य रीतीने प्रक्रिया केलेलं) आणि शिक्का मारलेलं हवं. प्लायवुडला ही अट नाही.

दरपत्रक मागताना एकच आकडा स्वीकारू नये. बुडवणी, पेटी, पशुवैद्यकीय दाखला, परवाना, विंडहुकच्या विमानतळापर्यंतची वाहतूक, विमानभाडं, विमा, ब्रोकर, तपासणीची फी आणि बंदरापासून टॅक्सिडर्मिस्टच्या दारापर्यंतचा ट्रक, एवढ्या ओळी सुट्या मागाव्यात. पहिल्या दरपत्रकात यातल्या शेवटच्या चार बहुधा नसतात.

कारागिराची पारख

घरच्या टॅक्सिडर्मिस्टने शेकडो हरणं केलेली असतील, पण त्याने कुडू किती केले, हे विचारायला लाजू नये. नवे फोटो सगळेच चांगले दाखवतात. तीन-चार वर्षांपूर्वीचं काम एखाद्या ग्राहकाच्या घरी जाऊन पाहावं, कारण दोष वाळल्यावर बाहेर येतात. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यात आणि नाकपुडीच्या वर बोट टेकवून पाहावं: कातडं साच्यापासून सुटलं असेल तर डबडब आवाज येतो. मानेच्या मागे केस उलटे फिरवून टाके पाहावेत. कानाची कड पातळ आणि सरळ आहे की वाळून मुडपली आहे, तेही.

सर्वांत जास्त डोळ्यांकडे पाहावं. कुडूच्या डोळ्याची बाहुली आडवी, लांबट असते, आणि जिवंत जनावर मान खाली घालतं तेव्हाही ती जवळपास जमिनीला समांतर राहते. मान झुकवलेल्या माउंटमध्ये काचेचा डोळा डोक्याबरोबर तिरका बसवलेला असेल तर जनावर मेलेलं दिसतं, आणि का ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही. या शिकाऱ्याने तीन कारागिरांचं काम पाहिलं. दोघांचे डोळे डोक्याबरोबर कलंडलेले होते.

आणखी एक प्रश्न: कातडं कमावता की नुसती कोरडी पावडर चोळून चढवता? आफ्रिकेहून मिठात वाळून आलेल्या जाड कातड्याला कमावणंच हवं. भिजवणं, आम्लाच्या द्रावणात ठेवणं, आतून तासून पातळ करणं, आम्ल मारणं, कमावणं, तेल देणं. कुडूच्या मानेचं कातडं नीट तासलं नाही तर ते वाळताना इतक्या जोराने आकसतं की कडेची शिवण ओढून उघडते.

पेटी उघडल्यावर

पेटी पोहोचली त्या दिवशी टॅक्सिडर्मिस्टने प्रत्येक कातड्याची कानाची टोकं, पापण्या, ओठ आणि पोटाकडची कड हलकेच ओढून पाहिली, फोटो काढले आणि यादीवर सही केली. विम्याचा दावा करायचा तर तो इथेच, कातडं भिजवण्याआधी. बिल्ले फोटोंशी जुळले. वार्टहॉगचा उजवा सुळा बुडाशी किंचित हलत होता, तो पुन्हा बसवला.

कुडू कमावून, चढवून, वाळवून पूर्ण व्हायला वर्षाहून जास्त लागलं. माउंट पंचवीस किलोच्या वर भरलं, म्हणून ते भिंतीच्या आतल्या लाकडी खांबात जाड स्क्रूने टांगलं, नुसत्या जिप्समच्या पत्र्यात नाही. जागा शेकोटीपासून लांब आणि खिडकीच्या समोर नाही, अशी निवडली. कोरड्या गरम हवेत कानाच्या कडा फाटतात आणि उन्हात कुडूची राखाडी झाक उडते. दर वसंतात कानांच्या आत आणि मानेच्या झालरीत टॉर्च घेऊन पाहायचं, कातडी खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांच्या कोरड्या साली किंवा खाली पडलेला भुसा दिसतो का. स्प्रिंगबॉकचं पंख्याचं कातडं लहान आहे, त्यावर शंका आली तर ते घट्ट पिशवीत घालून उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवता येतं. कातड्याला प्लास्टिकची पिशवी चालते ती एवढ्याच कामासाठी.